ब्रीदरमधून धूर: आधी मोजा, मग इंजिन खोला

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच जुन्या टर्बो डिझेल ट्रकच्या ब्रीदरबद्दल आहेत. ब्रीदर म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, म्हणजे चेंबरमध्ये, साठणारी हवा बाहेर सोडणारी वाट. उत्तरं देताना समोर धरलंय ते कमिन्सच्या बी मालिकेतलं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन, मेकॅनिकल पंपाचं. जुन्या टाटा ट्रकमध्ये ते भरपूर सापडतं. बीएस-६ गाड्यांची ब्रीदर व्यवस्था बंदिस्त असते आणि तिच्यावर सेन्सरची नजर असते, त्यामुळे यातले प्रयोग त्या गाड्यांवर करू नयेत.

प्रश्न : माझ्या सोळा-तेराच्या (टाटा १६१३ ट्रकच्या) ब्रीदरमधून धूर येतो. गेजकाठी (ऑइल मोजायची काठी) वर उचलली जाते, फ्लायव्हीलच्या बाजूने ऑइल गळतं. मिस्त्री म्हणतात, इंजिन बॅक मारतंय (हवा रिंगांजवळून खाली निसटतेय), हाफ इंजिन करा (रिंगा-लायनर बदला). खरंच गरज आहे का? (लासलगाव)

उत्तर : असेलही. पण इंजिन खोलायच्या आधी दोन तास द्या. चेंबरमध्ये दाब वाढायची कारणं चार : रिंगा-लायनर (पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरचं अस्तर) झिजणं, टर्बो, ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर आणि ब्रीदरची वाटच तुंबणं. पहिलं सगळ्यात महाग म्हणून ते सगळ्यात शेवटी धरा.

सुरुवात वाटेपासून. ब्रीदरचा पाइप काढून आरपार बघा. आतून फुगलेलं रबर बाहेरून धडधाकट दिसतं. हंगामाबाहेर दोन-तीन महिने उभ्या राहिलेल्या गाडीत कुंभारमाशी पाइपच्या तोंडात चिखलाचं घर बांधते, तेही चाचपा. पाइप जिथून निघतो त्या झाकणाच्या आत ऑइल अडवणारा पत्रा असतो. त्यावर काळा गाळ बसतो. झाकण काढून रॉकेलमध्ये धुवा, हवेने सुकवा आणि नव्या पॅकिंगवर बसवा.

मग मोजमाप. ऑइल भरायचं एक जादा झाकण घ्या, त्याला भोक पाडून निपल बसवा आणि पारदर्शक नळी जोडा. नळीचा U आकार करून त्यात रंगीत पाणी भरा. दोन बाजूंच्या पाण्यातला फरक मिलिमीटरमध्ये वाचा. गेजकाठीच्या नळीवरून मोजू नका : तिचं खालचं टोक ऑइलमध्ये बुडालेलं असेल तर आकडा खोटा येतो. नळी लांब घेऊन केबिनपर्यंत आणली तर भरल्या गाडीने घाट चढतानाही वाचता येतं. खरा आकडा तोच, कारण बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) लोडवरच येतो.

आता ब्रीदरचा पाइप काढून पुन्हा वाचा. दाब एकदम पडला तर दोष पाइपचा. फारसा हलला नाही तर हवा खरोखरच जास्त येतेय.

किती जास्त, हे पिशवीने कळतं. ५.९ लिटरचं इंजिन ७५० आरपीएमवर मिनिटाला सुमारे २२०० लिटर हवा ओढतं. त्यातली एक टक्का रिंगांजवळून निसटली तर २२ लिटर. दहा लिटरची पातळ प्लॅस्टिक पिशवी (बादलीने पाणी भरून माप पक्कं करा, मग वाळवा) चपटी करून ब्रीदरच्या टोकाला बांधा आणि घड्याळ लावा. इंजिनाचं (रेडिएटरचं) पाणी ८० डिग्रीच्या वर तापलेलं हवं. पंचवीस-तीस सेकंदांत भरली तर घाबरायचं कारण नाही. आठ-दहा सेकंदांत भरली तर मिनिटाला साठ-सत्तर लिटर, म्हणजे तीन टक्के, आणि मग मिस्त्रींचं म्हणणं ऐकावं लागेल. पिशवी ताठ होईपर्यंत ठेवू नका, सीलवर ताण येतो. ऑइलचं झाकण उलटं ठेवून ते उडतं का बघायची पद्धत सर्रास आहे, पण रॉकर आणि पुशरॉडच हवा ढवळत असल्यामुळे झाकण चांगल्या इंजिनातही नाचतं. त्यावर लाखभराचं काम काढू नये.

कॉम्प्रेसरची परीक्षा सोपी आहे. हवेच्या टाक्या भरून गव्हर्नरने (दाब नियंत्रित करणाऱ्या व्हॉल्व्हने) कट-आउट दिला की कॉम्प्रेसर रिकामा फिरतो, तेव्हा U नळीतल्या पाण्याचा आकडा लिहा. ब्रेक दाबून दाब उतरवा. कॉम्प्रेसर पुन्हा भरू लागला की आकडा उडी मारतो का बघा. मारली तर झिजलेल्या रिंगा कॉम्प्रेसरच्या आहेत, कारण त्याच्या पोटातली हवाही ऑइलबरोबर तुमच्याच चेंबरमध्ये उतरते. टाकीचा ड्रेन उघडल्यावर काळं ऑइल आलं तर जवळजवळ खात्रीच.

धूर कसा येतो हेही बघा. एकसारखी धार म्हणजे सगळे सिलिंडर सारखे झिजलेत. ठेक्यात हबके येत असतील तर एखादाच बिघडलाय : रिंग तुटलेली किंवा पिस्टन फाटलेला. स्लोवर (आयडलिंगला) एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट फडकं धरून सैल करा. ज्याचा नट सैल केल्यावर हबके थांबतात तो दोषी. हे फक्त मेकॅनिकल पंपाच्या गाडीवर. कॉमन रेलवर (अतिशय जास्त दाबाच्या डिझेल व्यवस्थेवर) नट सैल केला तर डिझेल कातडीत घुसतं.

रिंगाच गेल्या असतील तर त्या का गेल्या ते आधी शोधा. एअर फिल्टर आणि टर्बो यांच्यामधला पाइप काढून आत पांढऱ्या फडक्याने पुसा. फडक्यावर माती आली, टर्बोच्या पंख्याच्या कडा धार गेल्यासारख्या दिसल्या, तर धूळ आत जातेय. तो पाइप आणि क्लिपा न बदलता बांधलेलं इंजिन पुढच्या हंगामात परत गॅरेजला येईल.

प्रश्न : टर्बो दोनदा बदलला, तरी इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपमध्ये ऑइल आहेच. माल खराब मिळाला का? (कोल्हापूर)

उत्तर : आधी टर्बोला दोष देऊ नका. टर्बोच्या शाफ्टला रबरी सील नसतं. पिस्टनसारख्याच, पण बारीक लोखंडी रिंगा असतात. ऑइल अडतं ते मुख्यतः खाली लगेच निघून जातं म्हणून. फेसाळलेलं ऑइल फक्त स्वतःच्या वजनाने ड्रेन पाइपातून चेंबरमध्ये उतरतं, मागून ढकलणारा दाब नसतो. चेंबरमध्येच दाब असला की ते अडून साठतं आणि रिंगांजवळून बाहेर येतं. टर्बो कितीही नवा असो.

म्हणून वरच्या उत्तरातलं मोजमाप आधी करा. मग ड्रेन पाइप काढा. पॅकिंगला चोपडलेलं सिलिकॉन आत लोंबत नाही ना, पाइपला खोलगट भाग किंवा मोड नाही ना, बदली पाइप मूळपेक्षा बारीक नाही ना, हे तपासा. एअर फिल्टरही बघा. तो तुंबला तर टर्बोच्या हवेच्या बाजूला ओढ वाढते आणि ऑइल आत खेचलं जातं.

इंटरकूलरमधलं साठलेलं ऑइल काढल्याशिवाय गाडी रेटू नका. ते एकदम इंजिनात गेलं तर इंजिन पळत सुटतं आणि पंपाचं डिझेल बंद करूनही थांबत नाही, कारण ते ऑइलवर चालत असतं. तसं झालं तर टर्बोच्या तोंडावर जाड फळी दाबून हवा तोडा. हात किंवा फडकं कधीही लावू नका. इंटरकूलर उभा टांगून रात्रभर निथळू द्या, गरम साबणपाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवूनच बसवा. रॉकेल वापरलंत तर त्याचा थेंबही उरता कामा नये, तेही जळतंच.

प्रश्न : ब्रीदरचं ऑइल उडून रेडिएटर चिकट होतो. पेट्रोल गाडीसारखा व्हॉल्व्ह लावून पाइप एअर फिल्टरला जोडू, की सायलेन्सरला? (बारामती)

उत्तर : सायलेन्सरला तर नकोच. टर्बोच्या पुढे एक्झॉस्टमध्ये दाब असतो, ओढ नव्हे. धूर उलटा चेंबरमध्ये शिरेल. पेट्रोल गाडीचा व्हॉल्व्ह मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालतो. डिझेलला थ्रॉटलच नाही, आणि टर्बो चालू झाला की मॅनिफोल्डमध्ये उलट दाब येतो. फिल्टरनंतर टर्बोच्या अलीकडे जोडता येतं, पण मध्ये ओढ मर्यादित ठेवणारा रेग्युलेटर नसेल तर फिल्टर तुंबल्यावर चेंबरमधलं ऑइलच टर्बोत ओढलं जातं. ऑइल जादा भरलं गेलं, की वर सांगितलेलं पळतं इंजिन समोर उभं. जुन्या झिजलेल्या गाडीवर आम्ही हे सुचवणार नाही.

साधा उपाय : पाइप लांब करून फॅनच्या वाऱ्याबाहेर, क्रॉसमेंबरच्या मागे न्या. उभ्या गाडीत फॅन खालची हवा फिरवून पुन्हा पुढून ओढतो, रेडिएटर त्यामुळे चिकटतो. पाइप नायट्राइलचा, ऑइल सोसणारा घ्या, पाण्याचा बागेतला पाइप मऊ होऊन चपटा होतो. आतला व्यास मूळ पाइपइतका किंवा मोठा, उतार सलग, कुठेही पोट नाही. टोक तिरपं कापून तोंड मागच्या बाजूला करा. सायलेन्सर, टायर आणि ब्रेक ड्रमपासून लांब.

थेंबही नको असतील तर मध्ये दोनेक लिटरचा डबा बसवा. आत येणारा पाइप मधल्या उंचीवर, बाहेर जाणारा वर, खाली ड्रेन कॉक. आत दोन भोकांच्या पत्र्यांमध्ये भांडी घासायची जाड स्टीलची घासणी भरा. बारीक लोखंडी लोकर गंजते. जमलेलं परत इंजिनात ओतू नका : त्यात पाणी, डिझेल आणि आम्ल असतं.

प्रश्न : ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरट थर बसतो. हेड पॅकिंग गेली का? (रत्नागिरी)

उत्तर : पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या असतील तर बहुधा नाही. एक लिटर डिझेल जळताना साधारण एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं थोडं रिंगांजवळून खाली येतं आणि थंड झाकणावर ऑइलमध्ये घुसळलं जातं. झाकण पुसून गाडी तासभर लोडवर चालवा आणि रेडिएटरचं पाणी रोज खुणेशी जुळवा. पाणी कमी होत नसेल तर ब्रीदर साफ करा, थर्मोस्टॅट तपासा. पाणी घटत असेल किंवा गेजकाठीवरचं ऑइलही दुधी असेल, तर गाडी चालवू नका.

प्रश्न : जानेवारीत काश्मीरहून वाशीला सफरचंद आणतो. ब्रीदरचं काय बघायचं? (नवी मुंबई)

उत्तर : हेच पाणी ब्रीदरच्या टोकाशी गोठतं आणि वाट बंद होते. मग दाब सर्वात कमकुवत सीलमधून निघतो. लांबवलेला पाइप तिकडे जाताना मूळ लांबीचा करा. इंजिनाजवळच्या गरम भागात पाइपला एक उभी चीर द्या, म्हणजे टोक गोठलं तरी हवा तिथून सुटेल. डबा बसवलाय तर तो रोज रात्री गाडी गरम असतानाच रिकामा करा.