डब्यातली बाग, म्हणजे प्लास्टिकच्या डब्यात दिव्याच्या उजेडावर भाजी वाढवणं, पहिल्यांदा करताय?

डबा झाकणाचा आणि शक्यतो पांढरा घ्या, चाळीसेक लिटरचा. रंगीत मिळाला तर आतून पांढरं फ्लेक्स लावा, उजेड परत पानांवर पडतो. माती थेट डब्यात भरू नका. तळाला भोकं असलेले ट्रे आत ठेवा.

खरी काळजी हवेची घ्या. माझ्या पहिल्या डब्याला मी भोकंच पाडली नव्हती. आठवड्यानं झाकण उघडलं तर आतून पाणी ओघळत होतं आणि मेथीची रोपं मातीला टेकतात तिथेच दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी पडलेली. हा मर नावाचा रोग. दमट, कोंडलेल्या जागेत बुरशी अशीच रोपं खाते. तेव्हापासून खाली दोन्ही बाजूंना आणि वर झाकणाजवळ भोकं पाडतोच. गरम हवा वरून निघते, ताजी खालून येते. कॉम्प्युटरचा जुना १२ व्होल्टचा पंखा वर बसवलात तर उत्तमच. ड्रिल मात्र सावकाश चालवा, घाईत प्लास्टिक तडकतं.

दिवा साधा पांढरा एलईडी, ६५०० केल्विनचा (म्हणजे थंड पांढऱ्या उजेडाचा) पुरतो. खास रोपांसाठी मिळणारे महागडे जांभळे दिवे आत्ता नकोत. पानांपासून वीतभर वर टांगा, रोज १२ ते १४ तास. रोपं लांबुडकी, फिकी दिसली तर दिवा खाली आणा. वायरीचे जोड डब्याबाहेरच ठेवा, आत ओल असते.

सुरुवात मेथीनेच करा, तीन-चार दिवसांत वर येते. कोथिंबिरीला धीर लागतो. धणे पेरण्याआधी हलक्या हाताने रगडून दोन फाका करा.