नागपूरचा पिनकोडनिहाय नकाशा करायचा आहे. हद्दी कुठे मिळतील, आणि मिळालेले दोन नकाशे एकमेकांशी का जुळत नाहीत?

मी नागपुरातच जीआयएसचं, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याचं काम करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. दोन्ही नकाशे अंदाजाने काढलेले असतील, म्हणून जुळत नाहीत.

श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली, ती टपालाची छाननी सोपी व्हावी म्हणून. पहिले तीन अंक छाननीचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट ऑफिस. कुठलं घर कुणाच्या बीटात, म्हणजे वाटपाच्या भागात, येतं हे पोस्टमनला ठाऊक असलं की काम भागतं. त्यासाठी जमिनीवर रेघ मारावी लागत नाही.

हा छाननीचा जिल्हा आणि महसुली जिल्हा एक समजू नका. ब्रह्मपुरी चंद्रपूर जिल्ह्यात आहे, पण तिचा पिन ४४१२०६ आणि चंद्रपूर शहराचा ४४२४०१. वडसा गडचिरोली जिल्ह्यात, तरी पिन ४४१२०७. त्याच ४४१ मध्ये नागपूर ग्रामीण, भंडारा, गोंदियाही येतात. पहिल्या तीन अंकांवरून रंग भरून त्यावर जिल्ह्याची आकडेवारी चढवली, की नकाशा छान दिसतो आणि साफ चुकतो.

शहरात अडचण वेगळी. सोपी पद्धत अशी की पोस्ट ऑफिसांचे बिंदू घ्यायचे आणि प्रत्येक जागा सगळ्यात जवळच्या बिंदूला देऊन टाकायची. याला व्होरोनॉय म्हणतात, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये मिनिटभरात होतं. पण नागपुरात उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम रेल्वे एकमेकींना छेदतात. सरळ रेषेत जवळ दिसणारं पोस्ट ऑफिस रुळांपलीकडे असेल, तर पूल कुठे आहे यावर बीट ठरतं. ते व्होरोनॉयला कुठून कळणार? आणि अंबाझरी तलाव, गोरेवाड्याचं जंगल कुणाच्या वाट्याला द्यायचं? तिथे पत्र जात नाही, पण रिकामी जागा नको म्हणून नकाशा ते कुणाला तरी देऊन टाकतो. मग त्या पिनची लोकसंख्येची घनता विनाकारण खाली येते. रुग्णांची किंवा ग्राहकांची संख्या प्रति चौरस किलोमीटर काढणार असाल तर हे आधी बघा.

सगळ्यात जास्त गोंधळ बेसा, हुडकेश्वरकडच्या नव्या लेआउटांत. प्लॉट विकणारा शहराचा, ४४० ने सुरू होणारा पिन सांगतो, लोक तोच लिहितात, आणि टपाल ४४१ च्या ऑफिसातून येतं. एकाच लेआउटमधल्या दोन शेजाऱ्यांच्या आधार कार्डांवर वेगवेगळे पिन सापडतात. अशा ठिकाणी मी पक्की रेघ मारतच नाही, पट्टा दाखवते.

आता करायचं काय? सरकारच्या ओपन डेटा संकेतस्थळावर टपाल खात्याची पिनकोड यादी आहे आणि हद्दींची जिओजेसन (नकाशा सॉफ्टवेअरला वाचता येणारी) फाइलही. ती पाया म्हणून घ्या. मग तुमच्याकडचे पत्ते नकाशावर टाका आणि शहराचे छोटे तुकडे पाडा, रस्ते, नाले, रूळ यांनी बांधलेले. ज्या तुकड्यात जो पिन सर्वाधिक, तो तुकडा त्याचा. अमेरिकेचं जनगणना खातं २००० पासून साधारण असंच करतं, आणि त्या क्षेत्रांना झिप कोड (तिथला पिनकोड) न म्हणता वेगळं नाव देतं. तो प्रामाणिकपणा मला फार आवडतो. तुमच्या नकाशावरही ‘अंदाजे पिन क्षेत्र’ असंच लिहा, तारखेसकट, कारण नवं ऑफिस उघडलं की वाटपाच्या हद्दी बदलतात.

२०२५ मध्ये आलेल्या टपाल खात्याच्या डिजिपिन या डिजिटल पत्त्याने हे सुटेल का, असंही काही जण विचारतात. तो साधारण ४ बाय ४ मीटरच्या चौकोनाला अक्षरं-अंक मिळून दहा चिन्हांचा पत्ता देतो, जागा नेमकी कळते. पण त्या चौकोनात कुठलं पोस्ट ऑफिस वाटप करतं हे त्यातून कळत नाही. पट्ट्यातल्या घरांसाठी अजूनही संबंधित डिलिव्हरी ऑफिसात जाऊन बीटांबद्दल विचारणं हाच खात्रीचा मार्ग. सोबत मोठा छापील नकाशा न्या, कारण पोस्टमन बोट ठेवून जे दाखवतात ते तोंडी सांगता येत नाही.