बाइकचा दुसरा गिअर रेस दिली की सुटतो. इंजिन खोलावंच लागेल का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: दीडशे सीसीची जुनी गाडी, चढाला दुसऱ्या गिअरवर रेस दिली की ‘खट्’ होऊन गाडी न्यूट्रल पडते, बाकीचे गिअर ठीक आहेत, आणि गॅरेजवाला म्हणतो, ‘हाफ इंजिन करून टाकू.’

माझं स्वतःचं गॅरेज आहे, म्हणून आधी त्या हाफ इंजिनबद्दलच बोलतो. हाफ इंजिन म्हणजे हेड आणि ब्लॉक: वॉल्व्ह, बोअर, पिस्टन, रिंगा. गिअरबॉक्स असतो त्याच्या खाली, क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीच्या पोटात. तिथवर पोचायला केस फोडावी लागते, म्हणजे ती पेटी उघडून तिचे दोन भाग वेगळे करावे लागतात. ते फुल इंजिनचं काम. हाफ इंजिनात तुमच्या दुसऱ्या गिअरला कुणाचा हातही लागणार नाही. गाडी धूर मारत नसेल, ऑइल खात नसेल, तर बोअर-पिस्टनवर पैसे कशाला घालता?

आता गिअरच सुटतोय ना, हे पक्कं करा. क्लच प्लेट घासल्या असतील तर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी त्या मानाने पळत नाही, पण रेस कमी केली की ओढ आपोआप परत येते. चेन-स्प्रॉकेट झिजलं असेल तर चेन दातांवरून उड्या मारते, खटखट होते, पण गाडी गिअरमध्येच असते. लिव्हर पुन्हा मारल्याशिवाय ओढच येत नसेल, तर गिअर सुटतोय.

आत काय घडतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढे तुम्हाला कुणी गंडवणार नाही. आपल्या गाड्यांत सगळ्या पिनियनचे, म्हणजे गिअरबॉक्समधल्या दातेरी चाकांचे दात एकमेकांत कायमच अडकलेले असतात. ज्याला आपण दुसरा गिअर म्हणतो त्या जोडीतलं एक पिनियन शाफ्टवर मोकळं फिरत असतं. तुम्ही लिव्हर उचललात की फोर्क, म्हणजे गिअरबॉक्समधला काट्यासारखा तुकडा, शेजारचं पिनियन सरकवतो आणि त्याच्या बाजूचे जाड खुंट, म्हणजे डॉग, या मोकळ्या पिनियनच्या खाचांत जाऊन बसतात. डॉगच्या कडा किंचित आत तिरप्या कापलेल्या असतात. त्यामुळे जोर आला की दोन्ही पिनियन एकमेकांना आतच ओढतात. कडा झिजून गोल झाल्या की हेच उलटं होतं आणि जोर आला की ती एकमेकांना बाहेर ढकलतात. तुमची गाडी चढालाच का सुटते, याचं कारण हे.

म्हणून मी गिऱ्हाइकाला पहिलं विचारतो, रेस देताना सुटतो की सोडताना? देताना सुटत असेल तर डॉगची ओढणारी बाजू गेली, उतारावर रेस सोडल्यावर सुटत असेल तर उलटी बाजू. आणि दोन-तीन गिअर सुटत असतील तर मी डॉगच्या आधी बाहेरच्या यंत्रणेवर संशय घेतो. दुसऱ्याचा नंबर आधी का लागतो? पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मध्ये न्यूट्रल ओलांडावं लागतं. घाईत अर्धवट उचललेल्या लिव्हरमुळे डॉग नुसत्या टोकावर अडकतात आणि तिथेच झिजतात.

तुमची लक्षणं डॉगकडे बोट दाखवतात, तरी बाहेरून आत या, कारण बाहेरचं तपासायला पैसे पडत नाहीत. गिअर लिव्हरचा बोल्ट ढिला आहे का, लिव्हरच्या भोकातल्या रेषा झिजून तो शाफ्टवर हलतो का, गाडी कधी पडली असेल तर वाकून केसला किंवा क्रॅश गार्डला टेकतो का, पाहा. क्लच लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते १५ मिमी मोकळी चाल हवी. मग गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद. मागचं चाक हाताने फिरवत एकेक गिअर टाका आणि दुसरा पूर्ण बसतो की अर्ध्यावर अडखळतो, ते हाताला कळू द्या.

नंतर ऑइल काढून क्लच कव्हर उघडायचं. इथवर केस फोडावी लागत नाही. क्लच उतरवला की गिअर ड्रमच्या, म्हणजे फिरून फोर्क सरकवणाऱ्या दंडगोलाच्या टोकाला खाचा असलेला स्टार दिसतो आणि त्यावर स्प्रिंगने दाबलेला, टोकाला रोलर असलेला आर्म. त्या स्प्रिंगमध्ये दम नसेल, रोलर झिजला असेल किंवा स्टारचा बोल्ट ढिला असेल, तर ड्रम जागेवर ठरत नाही आणि फोर्क पिनियनला पूर्ण ढकलत नाही. हे सापडलं तर तुम्ही नशीबवान, काम स्वस्तात होईल. काढलेलं ऑइल पांढऱ्या कापडावर ओता. राखाडी बारीक चिखल चालतो. धारदार कपच्या निघाल्या तर केस फोडायचीच.

केस फोडल्यावर मेकॅनिकसमोर उभे राहा. फोर्कची टोकं बघा. बऱ्याच छोट्या इंजिनांत नवं टोक ५ मिमीच्या आसपास जाड असतं, झीज कुठवर चालेल ते तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. टोक निळं-काळं पडलं असेल तर ते जळलंय. इथे एक सवय सांगून ठेवतो. गिअर सुटू नये म्हणून काही जण चालवताना लिव्हर पायाने दाबून धरतात. त्याने फोर्क फिरत्या पिनियनवर सतत घासतो आणि डॉगबरोबर तोही जातो. दुरुस्ती होईपर्यंत तुम्ही तसं करू नका. आंबोली किंवा वरंधसारखा घाट उतरायचा झाला तर दुसऱ्याच्या भरवशावर राहू नका. गिअर सुटला की इंजिनचा ब्रेक गेला आणि सगळा भार ब्रेकवर. वेग आधीच कमी करून पहिल्यात उतरा.

पार्ट घेताना लोक हमखास फसतात. दुकानात ‘सेकंड गिअर द्या’ म्हणून एकच पिनियन आणतात. नव्या खाचांत जुने गोल डॉग बसवले की काही दिवसांत पुन्हा तेच रडगाणं. डॉगवालं आणि खाचावालं, दोन्ही पिनियन बदला, फोर्क जराही वाकला-झिजला असेल तर तोही. सर्क्लिप, म्हणजे पिनियन शाफ्टवर जागेवर धरणाऱ्या कड्या, नव्याच घ्या, त्यांच्या किमतीत चहाही येत नाही. वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, एक जरी उलटसुलट झाला तरी पिनियन हलायला जागा मिळते. शाफ्टची बेअरिंग हाताने फिरवा, खरखरली तर आत्ताच बदला. मजुरीच जास्त आहे, ती दोनदा कोण देणार?

कुणी डॉगवर वेल्डिंग भरून घासून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा. त्या पोलादाला वरून कडकपणा दिलेला असतो, वेल्डिंगच्या उष्णतेने तो जातो आणि तुटलेला तुकडा गिअरबॉक्सभर फिरतो.

केस बंद झाल्यावर, क्लच बसवण्याआधी, पुढचं स्प्रॉकेट हाताने फिरवत सगळे गिअर खालून वर आणि वरून खाली टाकून दाखव, असं मेकॅनिकला सांगा. दुसरा तेव्हा अडखळला, तर इंजिन फ्रेमवर चढवू देऊ नका.