गाडीच्या अपघातात भावाच्या मणक्याला मार लागलाय, आधी हे कर

ताई, घाबरू नकोस, मीपण ह्यातनं गेलोय. मज्जारज्जूला (मणक्यातल्या मुख्य नसेला) सूज असते तोवर पायातली ताकद किती परत येईल हे कुणीच नक्की सांगू शकत नाही, पण दर दोन तासांनी कूस बदलायचीच, बेडसोर (पडून पडून होणारी जखम) झाला की बरा व्हायला महिने जातात. आणि कागद आत्ताच जमव, एफआयआर, स्पॉट पंचनामा (अपघाताच्या जागेचा), एमएलसी (पोलीस केससाठी हॉस्पिटलने केलेली नोंद), डिस्चार्जचा कागद, औषधाची प्रत्येक पावती. मोटार अपघात न्यायाधिकरणात (अपघाताची भरपाई ठरवणारं कोर्ट) दावा ६ महिन्यांच्या आत टाक, तुम्ही राहता तिथल्या जिल्ह्यातपण चालतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, अपंगांना फुकट मिळतो. विमावाले लवकर सेटलमेंट म्हणतील, लगेच सही करू नको गं, सांभाळणाऱ्या माणसाचा पुढचा खर्चपण मागता येतो.