उतारावर न्यूट्रल की गिअर?

प्रश्न: माझी गाडी २० वर्षं जुनी आहे, घाट उतरताना न्यूट्रल टाकली की पेट्रोल वाचतं असं सगळे म्हणतात, खरंय का?

उत्तर: कार्ब्युरेटरवाली (हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणारी जुनी पद्धत) असेल तर थेंबभर वाचेलही, पण तुमची इंजेक्शनवाली (इंजेक्टरने मोजून पेट्रोल फवारणारी) असेल तर उलटंच होतं बघा, गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतो, चाकंच इंजिन फिरवतात, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला, म्हणजे इंजिन नुसतं चालू ठेवायला, पेट्रोल जळत राहतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर, ते तापले की लागतच नाहीत. दुसरा-तिसरा गिअर ठेवा. क्लच झिजेल म्हणून घाबरू नका, पाय त्यावर नुसता ठेवून चालवू नका म्हणजे झालं. आणि इंजिन बंद करून तर अजिबात नको, ब्रेक दगडासारखा होतो!