नवव्या नंबरचा संकल्प

सगळ्यांना प्रभूमध्ये सलाम. डिसेंबर लागला की पत्रांच्या गठ्ठ्यात एकच विषय असतो, नवीन वर्ष आणि संकल्प. यावेळी तीन पत्रं घेतेय, त्यातलं पहिलंच जास्त जागा खाणार आहे, बाकीच्या दोघांनी सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई, मी ३१ वर्षांची आहे, सातपूरला कंपनीत आहे, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. दरवर्षी ३१ डिसेंबरला वॉच नाईटच्या उपासनेहून आले की रात्रीच वहीत संकल्प लिहिते. मागच्या वर्षीचे असे होते: पूर्ण बायबल वाचायचं, पहाटे ५ ला उठून प्रार्थना, शुक्रवारी उपवास, दशांश (कमाईचा दहावा भाग देवाला), सिरियल बंद, महिला मंडळ चुकवायचं नाही, रोज एक वचन पाठ, मुलीला संडे स्कूलला वेळेवर सोडायचं, जाऊबाईंशी बोलायला लागायचं, वजन कमी, राग कमी, मोबाईल कमी. पूर्ण १२. फेब्रुवारीत बायबल लेवीय या तिसऱ्या पुस्तकापाशी अडकलं, पहाटेची प्रार्थना तर आठवडाभरच चालली, आणि आता परत वही उघडायची लाज वाटते. देवाला दिलेला शब्द मोडला असं वाटत राहतं. यंदा लिहू की नको?
— एक बहीण, सातपूर

उत्तर: वय लिहिलंयस म्हणून सरळ अगं-तूगं करते. आधी लेवीयचं बोलू. त्यात तुझं काही चुकलेलं नाहीये गं, साधा हिशोब आहे, बायबलचे एकूण अध्याय ११८९, वर्षात संपवायचे तर रोज तीन-सव्वातीन पडतात, उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० झाले की ९०, म्हणजे जानेवारी संपता संपता लेवीय बरोब्बर समोर येऊन उभं राहतं. आणि तिथे काय तर होमार्पण, अन्नार्पण, कुठली चरबी जाळायची, मग ११व्या अध्यायात उंट चालत नाही, ससा चालत नाही, डुक्कर चालत नाही. माझ्या जुन्या बायबलमध्ये त्याच पानात अजून एक लाईट बिल खूण म्हणून अडकलेलं आहे, कुठल्या वर्षाचं ते विचारू नकोस.

गंमत म्हणजे वर्षभराच्या वाचनाचा जो तक्ता जगभर वापरतात, तो करणाऱ्यालाच याची धास्ती होती. रॉबर्ट मरे मॅकचेन म्हणून स्कॉटलंडमधल्या डंडी गावचा तरुण पाळक, त्याने १८४२ च्या शेवटी आपल्या मंडळीसाठी तो तक्ता केला, रोजचे साधारण चार अध्याय, वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार नि स्तोत्रं दोनदा. पण तक्त्याच्या सोबतच त्याने धोके पण लिहून ठेवले, की वाचन नुसता उपचार होईल, वाचलं म्हणून माणूस स्वतःलाच नीतिमान समजायला लागेल, घाईघाईत पानं उलटली जातील आणि काहींना ते जड जू होऊन बसेल. पुढच्याच मार्चमध्ये तो गेला, अवघा २९ वर्षांचा. आपण त्याचा तक्ता घेतला आणि धोक्यांचा कागद कुठेतरी हरवला असं मला वाटतं.

तुला माझा सल्ला, यंदा फक्त नवा करार घे. त्याचे अध्याय २६०, आठवड्याला पाच धरले तर ५२ आठवड्यांत अगदी काटेकोर बसतात, आणि दोन दिवस राहिलेलं भरून काढायला मोकळे मिळतात. मार्कपासून सुरू कर, १६ अध्याय आहेत, तीन-सव्वातीन आठवड्यांत एक पुस्तक पूर्ण झाल्याचा आनंद मिळतो आणि तो आनंद पुढे ढकलायला फार उपयोगी पडतो.

आता पहाटे ५ चं. सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला घरी येणारी बाई पहाटे ५ ला उठून प्रार्थना करणार असेल तर ती दुपारी मशीनवर पेंगणार, यात आध्यात्मिक काही नाही. बायबलमधला दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा हे खरंय पण त्याची शिफ्ट बदलत नव्हती ना. तू प्रार्थना घड्याळाला बांधू नकोस, रोज होणाऱ्याच एखाद्या कामाला बांध. डबा भरून झाकण लावलं की तिथेच ओट्यापाशी पाच मिनिटं, किंवा कंपनीची बस येईपर्यंत स्टॉपवर एक स्तोत्र. शिफ्ट कुठलीही असो, डबा तर भरतेसच. माझी सासू चुलीपाशी भाकरी थापता थापता प्रभूची प्रार्थना म्हणायची, "रोजची भाकर" आली की हातातली थांबवायची, आणि आम्ही पोरं हसायचो. आता नाही हसत.

आणि आता खरं सांगते, तुझी यादी वाचताना मी नवव्या नंबरवर थांबले. जाऊबाईंशी बोलायला लागायचं. वजन आणि सिरियलच्या मधे कुठेतरी घुसवून टाकलंयस, जसं काही ते पण त्याच जातीचं आहे. मला तर वाटतं बाकीचे ११ तू या एकाला झाकायला लिहिलेस. रागावू नकोस, मी पण हेच केलंय, माझ्या भावाशी जमिनीवरून सहा वर्षं बोलणं बंद होतं आणि त्या सहा वर्षांत माझे उपवास एकदम रेग्युलर होते.

येशू मत्तयच्या ५व्या अध्यायात काय सांगतो बघ, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. अर्पण तिथेच ठेव! म्हणजे उपवास, पाठांतर, महिला मंडळ सगळं थोडं थांबू शकतं, जाऊबाई थांबू शकत नाहीत.

माझं माहेर दिंडोरीकडचं, मामांची द्राक्षाची बाग. ऑक्टोबरची छाटणी झाली की डोळे फुटायचे, वेल हिरवागार व्हायचा आणि मग बायका फेलफुटी, म्हणजे घड न धरलेल्या फुटी, काढायला बागेत शिरायच्या, पुढे घडांची विरळणी. खाली कोवळ्या घडांचा सडा पडलेला बघून लहानपणी मला रडूच यायचं, इतके चांगले घड का टाकले म्हणून. मामा म्हणायचे, सगळे ठेवले तर एकही मार्केटला जायच्या लायकीचा होणार नाही. योहानाच्या १५व्या अध्यायात फळ देणाऱ्या फाट्यालाच बाप साफ करतो असं आहे, न देणाऱ्याचं प्रकरण वेगळं. नाशिकच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नको.

तर १२ मधले तीन ठेव. मार्कपासून नवा करार, डब्यापाशी प्रार्थना, आणि जाऊबाई. या तिसऱ्याला तारीख टाक, नुसतं "बोलायला लागायचं" असं लिहून काही होत नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिळगूळ घेऊन जा, आपण संक्रांत करत नसलो तरी शेजारपाजारची ताटं येतातच ना घरात, तेच निमित्त. काय बोलायचं ते आधी ठरव, एकच वाक्य, "माझं चुकलं ते एवढं एवढं." त्यांचं काय चुकलं ते त्या दिवशी नको.

राहिलं शब्द मोडल्याचं. उपदेशक ५ मध्ये सरळ आहे की नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा, म्हणून वहीत "मी शपथ घेते" असलं लिहूच नकोस, "प्रभूची इच्छा असेल तर" असं लिही, याकोबाने चौथ्या अध्यायात तेच सांगितलंय. आणि एकटीने लिहून वही गादीखाली ठेवू नकोस. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने १७५५ साली लंडनमध्ये कराराची उपासना सुरू केली, मेथडिस्ट मंडळ्यांमध्ये ती अजून नवीन वर्षाच्या सुमारास होते, त्यात लोक सगळ्यांसोबत देवाला पुन्हा शब्द देतात. तू निदान एका मैत्रिणीला सांग आणि महिन्यातून एकदा तिने विचारायचं असं ठरव. पाळकसाहेबांनाच सांगायला पाहिजे असं काही नाही.

प्रश्न: नवीन वर्षापासून दशांश सुरू करायचा आहे. पगार कापून हातात येतो, घराचा हप्ता आहे, क्रेडिट कार्डचे पैसे पण थकलेत. १० टक्के ग्रॉसवर काढायचे की हातात येतात त्यावर?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर: मोशेच्या काळात सॅलरी स्लिप नव्हती, त्यामुळे याचं उत्तर वचनात शोधू नका, मिळणार नाही. लेवीय २७ मध्ये धान्य, फळं, गुरं यांचा दहावा भाग आहे, आणि मत्तय २३ मध्ये येशू पुदिना, शेप, जिऱ्याचा दशांश मोजणाऱ्यांना झापतो, कारण न्याय, दया, विश्वास त्यांनी सोडून दिलं होतं. दशांश सोडा असं तो तिथे म्हणत नाही हे पण लक्षात घ्या.

कार्डवर उधारी वाढवून देवाला देऊ नका, ते दुसऱ्याचे पैसे आहेत. कार्डचं व्याज किती लागतं ते तुम्हाला माहितीच आहे. हातात येणाऱ्या पगारातून आधी एक ठरावीक रक्कम, ५०० असेल तरी चालेल, पहिल्याच तारखेला बाजूला काढा, कार्ड फिटलं की वाढवा, मग १० टक्क्यांवर या. पौल करिंथकरांना लिहितो की ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा भाग पडतं म्हणून नाही. आणि हो, बायकोला विचारून ठरवा, पत्रात तिचा कुठेच उल्लेख नाहीये.

प्रश्न: माझे मिस्टर चर्चला येत नाहीत, लग्नाला ९ वर्षं झाली. यंदा इस्टरच्या आत त्यांना चर्चला आणायचंच असं ध्येय ठेवलंय. मागच्या वर्षी पण ठेवलं होतं, त्यावरून भांडणं झाली, रविवारी मी रागाने त्यांचा चहा पण करून ठेवला नाही. कसं करू?
— एक भगिनी, इंदिरानगर

उत्तर: हे ध्येय तुमचं नाहीये ताई, त्यांचं आहे, आणि त्यांनी ते ठेवलेलं नाही. दुसऱ्याच्या मनावर तारीख टाकता येत नाही. १ पेत्र ३ मध्ये बायकांना सांगितलंय की नवरा वचन मानत नसला तरी तुमच्या वागण्याने, शब्दावाचून तो मिळवला जाईल, आणि "शब्दावाचून" हा शब्द तुम्ही आणि मी दोघी पटकन गिळून टाकतो. वहीतून इस्टरची तारीख खोडा. त्यांच्यासाठी प्रार्थना रोज करा, त्यांना न सांगता. रविवारी उपासनेहून आल्यावर प्रवचनात काय झालं ते त्यांनी विचारलं तरच सांगा. आणि चर्चला निघायच्या आधी त्यांचा चहा थर्मासमध्ये भरून टेबलावर ठेवा, साखर त्यांना लागते तेवढी.