कामाचा सल्ला : टीमला एकत्र आणायचं, पण किती दिवस?

प्रश्न : मी नाशिकला इंदिरानगरात राहते आणि पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. आम्ही नऊ जण : पाच पुण्यात, माझ्यासकट तिघं नाशकात आणि एक मुलगी जळगावला. काम घरूनच चालतं, वेळेवर होतं. पण सकाळच्या कॉलवर सगळ्यांचे कॅमेरे बंद, 'नो अपडेट' म्हणून सगळे मोकळे. जळगावची मुलगी नवीन आहे. अडली तरी दोन-दोन दिवस कुणाला विचारत नाही. आता वरिष्ठ म्हणतात, आठवड्यातून तीन दिवस सगळ्यांना पुण्याला बोलवा. माझ्या सासूबाईंचं मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस असतं, एका सहकाऱ्याचं बाळ लहान आहे. सक्ती केली तर दोघं-तिघं सोडून जातील, नाही केली तर टीम नावापुरतीच उरेल. काय करू?
एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : तीन दिवसांना नाही म्हणा, पण सोबत स्वतःचा आराखडा घेऊन जा. नुसता नकार दिलात, तर 'यांना घरीच बसायचंय' असा अर्थ काढला जाईल.

नाशिक-पुणे अंतर २१० किलोमीटरच्या आसपास. संगमनेर, नारायणगावपर्यंत ठीक जातं, चाकणला अडकलात की सगळं वेळापत्रक कोलमडतं. कुणीतरी पंचवटी एक्स्प्रेसच्या पासधारकांचा दाखला देईलच : नाशिक रोडहून मुंबईला रोज जाणारे आहेतच की! आहेत, आणि त्यांच्या चिकाटीबद्दल मला फार आदर आहे. पण त्यांना थेट गाडी मिळते. नाशिक-पुणे थेट लोहमार्गाची आपण अजून वाटच बघतोय.

तरीही वरिष्ठांची काळजी मला खोटी वाटत नाही. मी बरीच वर्षं सातपूरच्या कारखान्यांत मनुष्यबळ विभागात काम केलं. शिफ्ट बदलताना जाणारा ऑपरेटर आणि येणारा ऑपरेटर थोडा वेळ मशीनपाशी उभे राहायचे. लॉगबुकात 'मशीन ओके' एवढंच लिहिलेलं असायचं. तोंडी मात्र सांगणं व्हायचं, 'स्पिंडल तापला की आवाज बदलतोय, साइज जरा जास्त वेळा तपास.' नुसता संशय असतो, खात्री नसते, म्हणून कुणी तो लिहीत नाही. समोर ओळखीचा माणूस असला की मात्र सहज बोलून जातो. तुमच्या टीममध्ये नेमकं हेच बंद पडलंय, आणि जळगावच्या मुलीच्या बाबतीत तर ते सुरूच झालेलं नाही.

वरिष्ठांपुढे दोन अभ्यास ठेवा. २०२० च्या पहिल्या सहामाहीत मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१ हजारांवर कर्मचाऱ्यांच्या कामाची माहिती तपासली गेली. सगळे घरून काम करू लागल्यावर सहकार्याच्या एकूण वेळातला दुसऱ्या गटांतल्या लोकांबरोबरचा वाटा सुमारे २५ टक्क्यांनी घटल्याचं त्यात दिसलं. हा मुद्दा त्यांच्या बाजूचा आहे, तो आधी मान्य करा. दुसरा अभ्यास स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा, २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीत १,६१२ जणांवर प्रयोग झाला. एका गटाला बुधवारी आणि शुक्रवारी घरून काम करायची मुभा होती. त्या गटातले राजीनामे एक तृतीयांशाने घटले, कामाच्या मूल्यमापनात आणि बढत्यांत फरक पडला नाही. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते : घरचे वार सगळ्यांचे एकच होते, त्यामुळे ऑफिसला आलेल्याला बाकीचे भेटायचे. ज्याने त्याने आपल्या सोयीने यायचं ठरवलं, तर पुण्यापर्यंत जाऊन पुन्हा कॉलवरच बसावं लागेल.

त्यांचे लोक एकाच शहरातले होते, तुमचे तीन शहरांत आहेत. म्हणून मी आठवड्याऐवजी महिन्याचा हिशेब धरेन. महिन्यातून एकदा बुधवार-गुरुवार सगळे एकत्र, म्हणजे डायलिसिसचे वार सुटतात. आणि दर वेळी पुणेच का? एक महिना पुणे, एक महिना नाशिक. जळगावहून रेल्वेने नाशिक रोड बरंच सोपं पडतं. कॉलेज रोडला, गंगापूर रोडला दिवसाच्या भाड्याने बसायला जागा मिळते. फक्त २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत, तेव्हा नाशिकची पाळी पुण्याला द्या. लहान बाळ असलेल्या सहकाऱ्याला पुण्याच्या खेपेला सूट असू द्या आणि ती सगळ्यांसमोर जाहीर करा, म्हणजे कुजबुज होणार नाही.

त्या दोन दिवसांत घरी बसून होणारं काम काढूच नका. पुढच्या महिन्याची आखणी, ज्यावर वाद अडकलाय ते डिझाइन, दोघांनी शेजारी बसून सोडवायचा किचकट बग, एवढंच ठेवा. सकाळी सगळे मिळून मिसळ खायला जरूर जा, संध्याकाळी सोमेश्वरला जा. पण नुसत्या सहलीने टीम बांधली जाते यावर माझा विश्वास नाही. एकत्र बसून काहीतरी अवघड सोडवलेलं असलं, की जेवताना गप्पा आपोआप रंगतात.

एका गोष्टीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. पुण्यातले पाच जण अधूनमधून ऑफिसात भेटणारच. चहाच्या टपरीवर काही ठरलं, तर त्याच दिवशी ते टीमच्या ग्रुपवर लिहिलं गेलं पाहिजे. आणि कॉलवर एक जरी माणूस बाहेरून असेल, तर बाकीच्यांनीही आपापल्या लॅपटॉपवरूनच बोलायचं. नाहीतर तुम्ही नाशिककर आणि ती जळगावची मुलगी कायम मागच्या बाकावर राहाल.

तिच्यासाठी पुढच्या भेटीची वाट बघू नका. एका अनुभवी सहकाऱ्याला तिच्यासाठी रोज अर्धा तास राखून ठेवायला सांगा, आणि तो वेळ त्याच्या कामाच्या अंदाजात धरा. 'काही अडचण आहे का?' असं विचारलं की नवी मुलगी 'नाही' म्हणते. त्यापेक्षा 'काल कुठे थांबलीस ते स्क्रीनवर दाखव' असं म्हणायचं.

आता खर्चाचं. प्रवास, राहणं कंपनीने द्यायचं आणि प्रवासाचा वेळ कामाचा धरायचा. आठवड्याला तीन दिवसांच्या सक्तीने दोघं-तिघं गेले, तर नवी माणसं शोधून तयार करायला काय लागेल, त्याचा अंदाज शेजारी मांडा. सहा महिन्यांसाठी मंजुरी मागा आणि ती लेखी घ्या.